राग शांत करण्याआधी त्याचं कारण विचारा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

भावना कशा सांभाळायच्या यावर आपल्या रविवार पुरवणीत जे सदर चालू आहे, ते मी पहिल्या भागापासून वाचते आहे. हा विषय वर्तमानपत्राने हाती घेतला याचं मनापासून समाधान वाटलं. पण मागच्या दोन भागांनी मी अस्वस्थ झाले. एका भागात सल्ला होता की राग मनात ठेवू नका, दार लावून ओरडा, उशीवर ठोसे मारा, एकदाचं सगळं बाहेर काढा; मन म्हणजे प्रेशर कुकर, वाफ कोंडली की स्फोट ठरलेला. लगेच पुढच्या भागात दुसऱ्या तज्ज्ञांनी लिहिलं की परिस्थिती बदलायच्या मागे लागू नका, तिच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदला. दोन्ही सल्ले ठाम होते. आणि कोणता कधी वापरायचा याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढलेला नव्हता.

मी मानसशास्त्राची पदवीधर नाही. एका इंटरनेट सेवेच्या तक्रार कक्षात मी काम करते. बरीच वर्षं स्वतः फोन घेतले, आता नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना शिकवते. आमच्याकडे फोन करणारा माणूस आधीच चिडलेला असतो. सगळं सुरळीत असताना तक्रार कक्षाला फोन कोण करणार? समोरच्याचा संताप दिवसभर कानात घ्यायचा आणि आपला आवाज चढू द्यायचा नाही, हीच आमची नोकरी. त्यामुळे या विषयावर जे संशोधन समजण्यासारख्या भाषेत मिळालं ते मी वाचत आले, आणि आमच्या खोलीत रोज जे घडतं त्याच्याशी ते ताडून बघत आले. त्या बळावर हे पत्र लिहिते आहे.

आधी कुकरबद्दल. भावना साठतात आणि त्यांना वाट करून दिली की माणूस मोकळा होतो, ही कल्पना ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी 1895 मध्ये मांडली तेव्हापासून लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. ऐकायला ती इतकी पटते की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने ती तपासली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात 600 विद्यार्थी होते. त्यांना निबंध लिहायला लावून त्यावर मुद्दाम अपमानास्पद शेरा देण्यात आला. चिडलेल्या काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि सांगितलं, ज्याने शेरा लिहिला त्याचा विचार करत मारा. काहींना सांगितलं, व्यायाम म्हणून मारा, तब्येतीचा विचार करा. उरलेल्यांना काहीच दिलं नाही, ते 2 मिनिटं नुसते बसून राहिले. नंतर एका खेळात शेरा देणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची संधी सगळ्यांना मिळाली. ज्याचा राग आला त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून ज्यांनी ठोसे मारले, ते सगळ्यात जास्त चिडलेले निघाले. सगळ्यात कमी सूड घेतला तो नुसते बसून राहिलेल्यांनी.

हा एकच प्रयोग म्हणून सोडून देता येईल, पण 2024 मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी 154 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यांत 10 हजारांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष असा की शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो: संथ श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान, शांत पडून राहणं. धग वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही. रागाच्या भरात धावायला जाणंही, हृदयासाठी कितीही चांगलं असलं तरी, राग उतरवायला उपयोगाचं ठरलं नाही.

आमच्या ब्रेकच्या खोलीत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. एखादी मुलगी वाईट कॉल संपवून येते आणि समोरचा काय काय बोलला ते त्याच्या आवाजात सांगायला लागते. पहिल्यांदा सांगते तेव्हा तिला बरं वाटतं, कारण ऐकणाऱ्यांनाही असे कॉल आलेले असतात. मग दुसरी येते, तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. आता त्यात, आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, तेही जोडलं जातं. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज प्रत्यक्ष कॉलमध्ये होता त्यापेक्षा वर गेलेला असतो, मान लाल झालेली असते, आणि ब्रेक संपवून हेडसेट लावते तेव्हा पुढच्या कॉलवरच्या बिचाऱ्या माणसाला ती पहिल्याच वाक्याला तोडते. त्या माणसाने तिचं काहीच वाकडं केलेलं नसतं.

मैत्रिणीजवळ मन मोकळं करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये मुलामुलींच्या मैत्रीवर केलेला अभ्यास या बाबतीत फार प्रामाणिक वाटतो. एकाच दुखण्याचा दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा काथ्याकूट केला की मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासी आणि चिंताही जास्त दिसते. दोन्ही एकदम. म्हणूनच ती सवय सुटत नाही. मी मुलींना एवढंच सांगते की एकदा सगळं सांग, आणि ऐकणारीने मग विचारायचं, ‘बरं, आता यातलं तुझ्या हातात काय आहे?’ हा प्रश्न आला की बोलणं वळतं. नाही आला तर ते त्याच त्या रिंगणात फिरत राहतं.

मनातल्या मनात फिरणाऱ्या या रिंगणाचा सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी काही विद्यार्थ्यांकडून, मन खाली गेलं की तुम्ही काय करता, अशी प्रश्नावली भरून घेतलेली होती. भूकंपानंतर पुन्हा तपासलं, तर ज्यांना आधीपासून उदासी चघळत बसायची सवय होती, त्यांच्यात काही आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. भूकंप तर सगळ्यांनीच अनुभवला होता.

आता दुसरी बाजू. ‘बाहेर काढू नका’ म्हणजे ‘गिळा’ असा अर्थ कुणी घेतला, तर तोही तितकाच घातक, आणि याची झळ मला जास्त जवळची आहे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं की आवाजात हसू ठेवा. चेहरा हसरा ठेवला की आवाजही तसा येतो, हे खरं आहे. पण आतून संतापलेलं असताना चेहरा धरून ठेवण्याची किंमत कुणी सांगत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी 1993 च्या अभ्यासात लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी दृश्यं दाखवली आणि काहींना सांगितलं, बघणाऱ्याला काही कळता कामा नये असा चेहरा ठेवा. चेहरे खरोखर स्थिर राहिले. किळस मात्र तसूभर कमी झाली नाही, आणि त्वचेवरचा घाम, बोटांतला रक्तप्रवाह अशा मोजमापांत शरीर उलट जास्त ताणलेलं दिसलं.

पुढे 2000 साली जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी दाखवलं की भावना लपवण्यात गुंतलेल्या माणसाला त्या वेळी समोर काय सांगितलं गेलं ते कमी आठवतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची कित्येक नवी मुलं आठवली. ग्राहक ओरडत असतो, मूल ओठ घट्ट मिटून शांत राहण्याची पराकाष्ठा करत असतं, आणि ग्राहकाने नुकताच सांगितलेला खाते क्रमांक त्याच्या डोक्यात शिरलेलाच नसतो. मग ते अगदी नम्रपणे विचारतं, ‘सर, खाते क्रमांक पुन्हा सांगाल का?’ आणि तिकडे भडका उडतो. सुपरवायझर शेरा लिहितो, ‘लक्ष नाही’. लक्ष होतं हो. सगळं लक्ष स्वतःला धरून ठेवण्यात खर्च झालं होतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते की शांत राहायच्या आधी पेन हातात घ्या. ग्राहक बोलायला लागला की क्रमांक, तारीख, आधी कुणाशी बोलणं झालं, हे कागदावर उतरवत जा. लिहिताना हात गुंततो, माहिती हरवत नाही, आणि चेहऱ्याशी झटापट आपोआप कमी होते.

लपवण्याचा त्रास समोरच्यालाही होतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या प्रयोगात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून त्यावर गप्पा मारायला बसवलं. जोडीतल्या एकीला गुपचूप सूचना होती की भावना दिसू द्यायच्या नाहीत. तर दुसरीचा, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं तिचाही, रक्तदाब वाढला. घरातलं कुणीतरी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत दगडासारखं बसलं की सगळ्या घराला का धाप लागते, ते यातून थोडंफार कळतं. आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांविषयी लिहिताना ठरलेली भावना दाखवण्याच्या या कामाला श्रम म्हटलं. पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो, एवढंच.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी, नाहीतर मीही ठाम सल्ल्याच्या रांगेत जाऊन बसेन. काही वेळा गिळावंच लागतं. पलीकडे माणूस रडतोय आणि आपल्यालाही रडू येतंय, तेव्हा आपण रडून त्याचं काम होत नाही. जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांनी 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर न्यू यॉर्कमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना भावना मोकळेपणाने दाखवताही येत होत्या आणि वेळ पडली तर झाकताही येत होत्या, ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जास्त सावरलेले होते. म्हणजे नुसतं दाखवण्याने किंवा नुसतं झाकण्याने भागत नाही; दोन्ही जमायला हवं आणि कधी कोणतं तेही समजायला हवं.

दृष्टिकोन बदलण्याचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांशी माझं भांडण नाही. त्या उपायाने मला स्वतःला तारलेलं आहे. रिचर्ड लाझारस यांच्या प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात एकच त्रासदायक फिल्म वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली गेली आणि निवेदन बदललं तशी बघणाऱ्यांच्या शरीराची प्रतिक्रिया बदलली. डोळ्यांसमोरची दृश्यं तीच होती. ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी 2003 मध्ये दाखवलं की प्रसंगाचा अर्थ वेगळा लावायची सवय असलेली माणसं एकंदरीत जास्त समाधानी असतात आणि त्यांची नाती जास्त जवळची असतात. लपवायची सवय असलेल्यांचं चित्र उलटं. मी मुलांना कॉल घेण्याआधी हेच सांगते: तो तुला ओळखत नाही, त्याने एक नंबर फिरवला आणि तू उचललास. त्याचा राग त्या नंबरावर आहे. हे वाक्य कॉलच्या आधी मनात असलं तर काम करतं. शिवी कानावर पडल्यानंतर ते आठवायला गेलं तर उशीर झालेला असतो. गॅल शेप्स यांच्या 2011 च्या प्रयोगांतही असंच दिसलं, की भावना सौम्य असते तेव्हा माणसं तिचा अर्थ बदलून बघतात, आणि ती तीव्र झाली की लक्षच दुसरीकडे वळवणं पसंत करतात. तीव्र क्षणी आपलं म्यूटचं बटण बरं. ते दाबायचं, श्वास घ्यायचा, त्यावर अजून थोडासा घ्यायचा, आणि मग लांबलचक सोडायचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये याच पद्धतीच्या श्वासाचा रोज 5 मिनिटं, महिनाभर सराव करून घेतला, तेव्हा लोकांची मनःस्थिती सुधारलेली आढळली. आमच्याकडे 5 मिनिटं कुठून येणार, पण एक लांब उच्छ्वास म्यूटवर बसतो.

‘त्याचा विचारच करू नकोस’ हा सल्ला मात्र मी कुणालाच देत नाही. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करायला मनाई केली आणि अस्वल मनात आलं की घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजतच राहिल्या, आणि मनाई उठल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या लोकांना ते अस्वल जास्त दिसायला लागलं. त्यापेक्षा जे वाटतंय त्याला नाव द्यावं. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याला झटकन उठणाऱ्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. माझ्या वर्गात मी कॉल संपल्यावर कागदाच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायला लावते. सुरुवातीला सगळे ‘राग’ लिहितात. काही दिवसांनी त्याच मुलांच्या कागदांवर ‘अपमान’, ‘हतबल’, ‘घाबरले’, ‘त्याची दया आली’ असं दिसायला लागतं. आणि ज्या मुलीच्या कागदावर रोज ‘घाबरले’ येतं तिच्याशी बोलायचं ते वेगळं असतं, ‘हतबल’ लिहिणाऱ्याशी बोलायचं ते वेगळं.

घरी गेल्यावरही मनातून जात नसेल तर लिहून काढा असंही सांगते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्त वाईट वाटलं होतं, पण पुढच्या महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. उशीवर ठोसे मारण्याहून हे वेगळं का ठरतं, यावर मी खूप विचार केला आहे. लिहिताना वाक्य पूर्ण करावं लागतं. आधी काय झालं, मग काय, ते लावावं लागतं. ठोशाला असलं काही लागत नाही.

संपादक महोदय, इथवरचं सगळं कदाचित तुमच्या पुढच्या भागांत येणारच असेल. जे येणार नाही अशी मला भीती वाटते, आणि ज्यासाठी मी खरं म्हणजे पेन उचललं, ते आता सांगते.

एका गृहस्थांचा फोन आला होता. नेट बंद असल्याची तक्रार त्यांनी आधीही नोंदवलेली होती, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी ‘24 तासांत’ असं उत्तर मिळालेलं, आणि दर वेळी कुणीही घरी न येता तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद केली गेलेली. माझ्यासमोर स्क्रीनवर ते सगळं दिसत होतं. मी आमच्या ठरलेल्या वाक्याने सुरुवात केली, ‘सर, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे, आपली नाराजी मी समजू शकते.’ त्यांनी मला थांबवलं. ओरडून नाही, अगदी एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, ‘मॅडम, मला शांत करू नका. लाईन दुरुस्त करा.’

मी ठरलेली वाक्यं बाजूला ठेवली. बंद झालेल्या तक्रारी एकापाठोपाठ एक वाचून दाखवल्या आणि म्हटलं, ‘यातल्या एकाही वेळी कुणी आलेलं नाही, बरोबर?’ पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, ‘हो. हेच मी सांगत होतो.’ मी त्यांना लाईनवर ठेवून तांत्रिक विभागाला फोन लावला, कोण जाणार आणि किती वाजता ते त्यांच्या देखतच विचारून घेतलं. आवाज उतरवायला मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता. तो उतरला, कारण चिडायचं कारण हलायला लागलं होतं.

ग्रॉस यांनी 1998 मध्ये भावना सांभाळण्याच्या वाटांची एक मांडणी केली, ती आज या विषयात सगळीकडे वापरली जाते. त्यांच्या मते माणूस पाच ठिकाणी हात घालू शकतो. कोणत्या प्रसंगात जायचं आणि कोणता टाळायचा ते ठरवता येतं; प्रसंगात शिरल्यावर तो प्रसंगच बदलता येतो; मग लक्ष कुठे द्यायचं, अर्थ काय लावायचा, आणि शेवटी उमटलेली प्रतिक्रिया कशी आवरायची. पहिल्या दोन वाटा मनाच्या बाहेरच्या आहेत. तुमच्या सदराचे आतापर्यंतचे सगळे भाग मी पुन्हा चाळले. त्या दोन वाटांवर एक परिच्छेदही नाही. सगळा भार वाचणाऱ्याच्या मनावर टाकलेला आहे.

याने काय होतं ते ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात दिसतं. ज्या अडचणीवर माणसाचा काहीच ताबा नाही, तिथे दृष्टिकोन बदलण्याचं कसब असलेल्यांना नैराश्य कमी होतं. पण ज्या अडचणीवर ताबा होता, जी बदलता आली असती, तिथे हेच कसब अंगात असलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळलं. औषध तेच, आणि एका ठिकाणी लागू पडलं तर दुसऱ्या ठिकाणी उलटलं असावं असं दिसतं. मला यातलं कारण असं वाटतं की चांगली बाजू शोधून शोधून माणूस हलायचाच थांबतो. त्याच्या रागात जी माहिती होती, इथे काहीतरी चूक चाललंय ही, ती त्याने स्वतःच पुसून टाकलेली असते.

आमच्या खोलीतही हे घडलं. एक कॉल संपला की दुसरा येण्याआधी आम्हाला थोडी उसंत मिळायची. फार नाही, पण पाणी प्यायला, कागदावरचा तो एक शब्द लिहायला पुरेशी. मग नवीन प्रणाली आली आणि कॉल एकाला लागून दुसरा यायला लागला. महिन्याभरात मुलं आजारी पडायला लागली, एकमेकांवर खेकसायला लागली, दोघींनी नोकरी सोडली. व्यवस्थापनाने आमच्यासाठी ताणतणाव कार्यशाळा ठेवली. शिकवायला आलेल्या बाई मनापासून शिकवत होत्या आणि त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. श्वास, ध्यान, सकारात्मक विचार, सगळं. कार्यशाळा संपल्यावर आम्ही त्याच खुर्च्यांवर जाऊन बसलो आणि कॉल पुन्हा एकाला लागून एक यायला लागले. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज दिला: दोन कॉलमधली उसंत परत द्या. अर्जाला महिन्याभराच्या कागदांच्या कोपऱ्यातले शब्द जोडले, नावं न टाकता. ‘हतबल’ हा शब्द इतक्या वेळा होता की तो कागद मोठ्याने वाचायला कुणी धजलं नाही. उसंत परत मिळाली, पहिल्यापेक्षा कमी, पण मिळाली. त्यानंतर श्वासही जमायला लागला, कारण तो घ्यायला आता वेळ होता.

म्हणून मी वर्गात हल्ली कोणत्याही उपायाआधी एक प्रश्न विचारायला लावते: जे बोचतंय ते बदलण्यासारखं आहे का? असेल तर आधी ते कसं बदलायचं ते बघू, आणि ते बदलायला जाताना डोकं थंड राहावं एवढ्यापुरता श्वास. नसेल, म्हणजे कुणी गेलं, काही कायमचं हुकलं, दुखणं बरं होणारं नाही, तर मग अर्थ बदलून बघू, लिहू, रडू. काही दुःखं तर कमी करायला घेऊच नयेत. ब्रेट फोर्ड आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात, नकोशा भावनांना दोष न देता त्या येऊ देणाऱ्यांची मानसिक तब्येत जास्त चांगली आढळली. वाईट वाटतंय आणि वाईट वाटतंय याचंही वाईट वाटतंय, हे दुहेरी ओझं त्यांच्यावर नसतं. आणि झोप, भूक, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांच्या वर गेलं, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर माझ्या कागदाच्या कोपऱ्यावर किंवा वर्तमानपत्राच्या सदरावर विसंबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. हे दर भागाखाली ठळक छापायला हवं.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या भागांत कोणताही उपाय देताना तो कधी लागू पडत नाही आणि कुणाला अपाय करू शकतो, हेही तज्ज्ञांकडून लिहून घ्यावं. आणि एक पूर्ण भाग त्या पहिल्या दोन वाटांसाठी राखून ठेवावा. तो तज्ज्ञांनी एकट्याने लिहू नये. दिवसभर दुसऱ्यांच्या भावना झेलणारी माणसं, फोनवरची, तिकीट खिडकीवरची, रुग्णालयाच्या चौकशी कक्षातली, त्यांच्या कामात नेमकं काय बदललं तेव्हा राग कमी आला, हे त्यांना विचारून लिहावं. आमच्या गटातली काही मुलं, नाव न छापण्याच्या अटीवर, बोलायला तयार आहेत. त्यांची कामाची पाळी दुपारी सुटते. त्यानंतर कधीही वेळ ठरवता येईल.

आपली,
तक्रार कक्षातली एक प्रशिक्षिका आणि आपली नियमित वाचक